न उभारलेल्या वास्तूची साक्ष

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुरुजींच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, साहित्य, शेती, सहकार अशा विषयांचे जाणकार बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत एका चित्रे काढणाऱ्याला बसवून संस्थेने मला जो मान दिला, त्याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य ड्रॉइंग बोर्डापुढे आणि नंतर संगणकापुढे गेले. वास्तुरचनाकाराने कागदावर योजलेली, पण अजून न उभारलेली इमारत उभी राहिल्यावर कशी दिसेल, याचे चित्र काढून देणे हा माझा व्यवसाय. त्यातही रचनास्पर्धांसाठी लागणारी चित्रे मी अधिक काढली.

हा विषय शाळेच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या सीमाभागातील शाळा, वाचनालये, वसतिगृहे, सभागृहे ही बहुतांशी लोकवर्गणीतून उभी राहिली. आज येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या एखाद्या संस्थेच्या बांधकाम समितीवर असतील. त्यांच्यापुढे तीनचार रंगीत चित्रे ठेवली जातील आणि त्यांतून एक निवडा, असे सांगितले जाईल. त्या क्षणी लोकांच्या कष्टाचे पैसे एका चित्राच्या भरवशावर खर्ची पडणार असतात. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की स्पर्धेतील वास्तुचित्राकडे आपण साक्ष म्हणून पाहावे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करतात, तशी त्या चित्राची तपासणी करण्यास शिकावे.

अशा चित्राची गरज पूर्वी फारशी नव्हती. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती तेराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या छतातील दगडी कमळ ज्यांनी कोरले, ते कारागीर आणि ज्याने ते करविले तो यजमान एकाच जागेवर उभे राहून बोलू शकत होते. प्रश्न उद्भवला तो बांधणारा, बांधून घेणारा आणि पैसे देणारा हे एकमेकांपासून दूर गेल्यावर. मग कागदावरच्या आकाराला डोळ्यांपुढे उभे करणारी विद्या हवी झाली. तिला आपण यथादर्शन म्हणतो. ड्रॉइंगच्या तासाला आपण तिला ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणूनच ओळखले. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने तिचा प्रसिद्ध प्रयोग केला. तेथील बाप्तिस्मागृहाचे चित्र त्याने फळीवर काढले, फळीला भोक पाडले, मागून डोळा लावला आणि समोर आरसा धरून त्यात ते चित्र पाहिले. आरसा बाजूला केला की खरी इमारत समोर! चित्र आणि वस्तू यांची तपासणी तेथल्या तेथे झाली. आमच्या व्यवसायाची अडचण अशी, की आमच्या चित्रासमोरचा आरसा बाजूला केला तर मागे मोकळे मैदान असते. इमारत नाही म्हणून तपासणी नाही. सारी भिस्त चित्रकाराच्या सचोटीवर.

या विद्येचे नाते आपल्या भागाशी जुने आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी पहिले यथादर्शन पाहिले ते बहुधा नाटकाच्या पडद्यावर. दूर निमुळता होत जाणारा राजवाड्याचा सोपा, दोन्ही बाजूंच्या घरांमधून जाणारा रस्ता, हे सारे सपाट कापडावर. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि नाटकाचे पडदे रंगवून पुढे चित्रपटात नाव काढणारे बाबूराव पेंटर हे शेजारच्या कोल्हापूरचे.

गुर्लहोसूरचेच दुसरे सुपुत्र लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, असे लक्षात आले. रंगांचा मार्ग बंद झाला, तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखाटनाची कास धरली, तो विषय मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवला, आणि पुढे बेळगावात सायकलींचे दुकान काढून उद्योगाचा पाया घातला. मी हे उदाहरण मुद्दाम देतो. यांत्रिक रेखाटनात रेघ चुकली तर यंत्र चालत नाही. रेघेला तेथे जाब द्यावा लागतो. रंगाने मन मोहून घेता येते, रेघेने हिशेब द्यावा लागतो. स्पर्धेच्या चित्रात या दोहोंचा संसार असतो आणि तो नेहमीच सुखाचा नसतो.

आणि आमच्या व्यवसायातले ज्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे, ते रवी परांजपे हेही बेळगावचेच. १९३५ साली त्यांचा जन्म झाला. बेळगावचे ज्येष्ठ चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्याकडे त्यांनी कलेचे धडे गिरवले. नंतर मुंबई, मग आफ्रिकेतले नैरोबी आणि पुन्हा मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. जाहिरात, कथाचित्रे, स्वतंत्र चित्रनिर्मिती यांबरोबरच वास्तुचित्रे हे त्यांचे मोठे क्षेत्र होते. २०२२ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘ब्रश मायलेज’ या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच हाताने किती मजल मारली पाहिजे, याची सूचना आहे. त्यांची वास्तुचित्रे पाहताना मला नेहमी वाटे, की इमारतीवरचे ऊन या माणसाने आधी मोकळ्या माळावर बसून पाहिले आहे. निसर्गचित्रणाची जी तालीम बेळगावने दिली, ती सिमेंट-काँक्रीटच्या चित्रातही उपयोगी पडली.

आता स्पर्धा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एखादी संस्था जागा, गरजा आणि खर्चाची मर्यादा जाहीर करते. वास्तुरचनाकार आपापल्या योजना पाठवतात. त्यांवर नाव नसते, केवळ खुणेचा क्रमांक असतो. नाव बंद पाकिटात. परीक्षक मंडळ निवड करते आणि मग पाकिटे उघडतात. १८३४ साली लंडनचे पार्लमेंट जळाले. त्यानंतरच्या स्पर्धेत ९७ योजना आल्या आणि चार्ल्स बॅरी यांची ६४ क्रमांकाची योजना निवडली गेली. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने तिच्यातली गंमत निराळी आहे. बॅरींसाठी रेखाटने करणाऱ्या तरुण ऑगस्टस प्यूजिन यांनी त्याच स्पर्धेतल्या दुसऱ्या एका स्पर्धकासाठीही रेखाटने केली होती! चित्रकार एक, स्पर्धक दोन. मी स्वतः मात्र एका स्पर्धेत एकाच वास्तुरचनाकाराचे काम घ्यायचे, हा नियम पाळला. एकाची युक्ती नकळत दुसऱ्याच्या कागदावर उतरते. हात तेवढा विसराळू नसतो.

मुंबईचे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आपण सर्वांनी पाहिले आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या या वास्तूचे बांधकाम १८७८ साली सुरू झाले. ती पुरी होण्याच्या कितीतरी आधी तिचे भव्य जलरंगचित्र ॲक्सेल हेग या स्वीडिश वंशाच्या चित्रकाराने काढले आणि १८८० साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. म्हणजे मुंबईकरांनी स्टेशन पाहण्याच्या आत लंडनकरांनी ते चित्रात पाहिले होते. आज ते चित्र आणि ती वास्तू शेजारी ठेवून पाहावी. घुमट, कमानी, बाजूचे मनोरे यांची भाषा जुळते. चित्राने दिलेला शब्द दगडाने पाळला, असे म्हणता येते.

हे चित्र कसे तयार होते? रचनाकाराकडून आमच्याकडे तीन गोष्टी येतात : मजल्यांचे नकाशे, दर्शनी बाजूंचे आराखडे आणि इमारत उभी कापल्यासारखा दाखवणारा छेद. प्रथम ठरवायचे ते बघणाऱ्याने कोठे उभे राहायचे. तो बिंदू नकाशावर टोचला, की निम्मे चित्र ठरले. तेथून इमारतीच्या कोपऱ्यांपर्यंत रेषा ओढायच्या, क्षितिजरेषा घालायची, दोन्ही बाजूंचे विलयबिंदू शोधायचे. मोठ्या चित्रात हे बिंदू बोर्डाच्या बाहेर जात. मग भिंतीवर खिळा ठोकून त्याला दोरा बांधायचा आणि त्या दोऱ्याने रेषांची दिशा धरायची, अशी आमची युक्ती होती. त्यानंतर ट्रेसिंग पेपरवर छायाप्रकाशाचे लहान आराखडे, मग ओल्या कागदाला कडेने पट्टी चिकटवून बोर्डावर ताणणे, आभाळाचा वॉश, इमारतीचे रंग आणि अगदी शेवटी झाडे, माणसे, वाहने. एक चित्र आठ-दहा दिवस खाई. स्पर्धेची मुदत कधी पुढे सरकत नसे, त्यामुळे शेवटच्या दोन रात्री दिवा मालवण्याचा प्रश्नच नसे.

एवढा आटापिटा कशासाठी? साधा हिशेब करू. २०० योजना आल्या आणि परीक्षक तीन दिवस रोज आठ तास बसले, तर एका योजनेच्या वाट्याला सात मिनिटे येतात. नकाशा वाचायला वेळ लागतो, चित्र मात्र क्षणात बोलते. पहिल्या चाळणीत चित्राचे वजन किती पडत असेल, ते यावरून ध्यानात येईल. आणि हीच मोहाची जागा.

म्हणून आता तपासणीच्या चार खुणा सांगतो. विद्यार्थ्यांनी त्या वहीत टिपून घ्याव्यात.

पहिली खूण डोळ्याच्या उंचीची. सपाट जमिनीवर उभे राहून पाहिले, तर आपल्याएवढ्या उंचीच्या सर्व माणसांची डोकी, जवळची असोत वा दूरची, क्षितिजरेषेच्या आसपासच येतात. चित्रातली डोकी तिच्या पुष्कळ खाली असतील, तर आपल्याला उंचावर नेऊन बसवले आहे असे समजावे. त्यात गैर काही नाही. पण त्या उंचीवरून ती इमारत कधीच कोणी पाहणार नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरी खूण उभे राहण्याच्या जागेची. समोर वीस फुटांचा रस्ता आणि पलीकडे शेजाऱ्याची भिंत असताना चित्र दोनशे फुटांवरून काढलेले असेल, तर चित्रकाराने शेजाऱ्याचे घर पाडले आहे. तो बिंदू नकाशावर दाखवा, असे समितीने विचारावे.

तिसरी खूण माणसांच्या मापाची. दरवाजा साधारणतः सात फुटांचा असतो. दारातला माणूस त्याच्या निम्माच दिसत असेल, तर इमारत फुगवण्यासाठी माणूस आखूड केला आहे.

चौथी खूण ऊन-पावसाची, आणि ती आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. बेळगाव-निपाणीकडे वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंतच तो दुपारी माथ्याच्या उत्तरेला जातो आणि त्यातले बरेच दिवस तर ढगांत जातात. असे असता उत्तरेच्या दर्शनी भिंतीवर हिवाळ्यातल्या दुपारचे लख्ख ऊन दाखवलेली चित्रे मी कितीतरी पाहिली आहेत. तसेच पावसाचे. याच जिल्ह्यात खानापूर-कणकुंबीकडे धो धो कोसळतो आणि अथणीकडे आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. या भूमीत जांभा दगड, उतरती कौले, रुंद वळचणी आल्या त्या काही शोभेसाठी नव्हेत. पण स्पर्धेच्या चित्रात पाऊस कधी पडतो का? प्रत्येक स्पर्धकाने एक चित्र आषाढातले द्यावे, अशी अट संस्थेने घातली, तर निम्म्या योजनांचा निकाल तेथेच लागेल.

या बाबतीत एक अनुभव सांगतो. फार वर्षांपूर्वी या भागातल्या एका संस्थेने सभागृहासाठी स्पर्धा ठेवली. नाव घेण्याचे कारण नाही. जागेच्या एका बाजूस तंबाखूची जुनी वखार होती आणि पुढून विजेच्या तारा जात होत्या. ज्या रचनाकारासाठी मी काम करत होतो, त्यांनी वखार पुसून तेथे झाडांची रांग दाखवण्यास सांगितले. मी म्हटले, “साहेब, वखार राहणारच आहे. तिच्या भिंतीशी आपली इमारत कशी बोलते, तेच दाखवू.” बरीच चर्चा होऊन त्यांनी मान्य केले. आमच्या योजनेला दुसरा क्रमांक मिळाला. पहिल्या क्रमांकाच्या चित्रात पश्चिमेला सलग काचेची भिंत होती आणि तिच्यापुढे शांत जलाशय. जागेवर पाण्याचा थेंब नव्हता. ते सभागृह बांधले गेले. तिसऱ्या पावसाळ्यात त्या काचेपुढे पत्र्याचे आडोसे लागले आणि ते पुढे कायमचे राहिले. मला त्या रचनाकारांकडून नंतर चारपाच वर्षे काम आले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. सचोटीचे मोल लगेच पदरात पडते, असे मुलांना सांगणे बरोबर होणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. केवळ मोजमापाला धरून चालले असते, तर काही थोर वास्तू कधीच झाल्या नसत्या. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या स्पर्धेत २३३ योजना आल्या. १९५७ साली निवडलेली डेन्मार्कच्या योर्न उत्झन यांची रेखाटने जवळजवळ आकृतिवजा होती, असे परीक्षकांनीच नोंदवले. शिडांसारखी ती छपरे उभी कशी राहायची, याचे गणित सुटायला पुढे कैक वर्षे गेली. ७० लाख डॉलरांचा अंदाज १० कोटींवर गेला, १९६६ साली उत्झन काम सोडून गेले आणि १९७३ साली वास्तूचे उद्घाटन झाले. आज तिच्यावाचून सिडनीची कल्पना करवत नाही. तेव्हा चित्राने स्वप्न दाखवू नये, असे मी म्हणणार नाही. स्वप्न दाखवताना ते स्वप्न आहे, त्याचा हिशेब अजून व्हायचा आहे, एवढे त्या चित्राने लपवू नये. कधी तर स्वप्न कागदावरच राहते. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या इमारतीसाठी झालेल्या स्पर्धेत २०१४ साली अमेरिकेचे स्टीव्हन हॉल यांची रचना निवडली गेली. तिची चित्रे देशोदेशी छापून आली. इमारत मात्र उभी राहिली नाही.

१९९० नंतरच्या दशकात आमच्या हातातले ब्रश हळूहळू खाली ठेवले गेले. संगणकात इमारतीची पूर्ण प्रतिकृती उभी करायची, तिला दगड-काच-लाकूड चढवायचे, गावाचे अक्षांश-रेखांश आणि दिवसाची वेळ द्यायची, की ऊन आपोआप योग्य जागी पडते. तपासणीच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. पण त्याच यंत्राने ढगही हवे तसे मिळू लागले, परदेशातली झाडे आणि परदेशातली माणसेही. निपाणीच्या बाजारपेठेत कोट घातलेली गोरी जोडपी फिरताना मी चित्रात पाहिली आहेत! आणि २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. चार शब्द लिहिले, की अर्ध्या मिनिटात इमारतीचे देखणे चित्र हजर. त्यामागे नकाशा नाही, छेद नाही, जिना कोठे उतरतो याचा पत्ता नाही. आजवर चित्र खोटे असले, तरी त्याच्या मागे एक योजना तरी असे. आता योजनेवाचून चित्र मिळते. म्हणून उलटतपासणीची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. समितीने सांगावे, ‘चित्र आवडले, आता हा खांब नकाशात कोठे आहे, ते दाखवा.’

आपण सीमाभागातली माणसे. दूर कोठेतरी बसून कागदावर ओढलेल्या रेघेचे वजन काय असते, ते १९५६ पासून आपल्या तीन पिढ्यांना कोणी शिकवावे लागलेले नाही. रेघ ओढणाऱ्याने त्या जागेवर येऊन उभे राहावे, ही आपली अपेक्षा असते. मग तीच अपेक्षा आपण आपल्या इमारतींची चित्रे काढणाऱ्यांकडून का करू नये? मी मुलांना नेहमी सांगतो, की जागेवर एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा पावसात जाऊन या. तेथल्या गवंड्याशी बोला, मग तो मराठी बोलो की कन्नड. वळचण किती बाहेर काढायची, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते.

गुरुजी आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात बसवून खांबांची रांग काढायला लावत. शेवटचा खांब लहान का दिसतो, असे विचारत आणि मग टेप हाती देऊन तो मोजायला पाठवत. तो पहिल्याएवढाच भरे. दिसते ते आणि असते ते यांतले अंतर मोजण्याचा तो धडा मला पुढे जन्मभर पुरला. आज कित्येक शाळांत चित्रकलेचा तास हा परीक्षेच्या तयारीसाठी सहज उचलून घेण्याचा तास झाला आहे. माझी संस्थेला विनंती आहे, की तो तास राखावा. त्यातून सगळे चित्रकार होणार नाहीत. पण चित्राला फसणार नाहीत असे नागरिक नक्की होतील.

आणि शेवटी एक सूचना. संस्थेच्या नव्या इमारतीसाठी उद्या स्पर्धा झाली, तर विजेत्या योजनेचे मूळ चित्र इमारत पुरी झाल्यावर प्रवेशद्वाराशी भिंतीवर लावावे. येणाऱ्या-जाणाऱ्याने एकदा चित्राकडे पाहावे, एकदा इमारतीकडे. असे होणार आहे हे आधीच ठाऊक असेल, तर चित्र काढणाऱ्याचा हात आपोआप सांभाळून चालेल.